मीटर आणि किलोहर्ट्झ

आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं. जुने निवेदक केंद्राचं नाव सांगताना किलोहर्ट्झवर थांबत नसत, सोबत मीटरही सांगत: ३७८.८ मीटर. बातम्यांची वाट पाहत बसलेल्या श्रोत्याला या आकड्यांचं फारसं सोयरसुतक नसे. काटा जागेवर आला, खरखर थांबली, की त्याचं काम झालं. पण हे दोन आकडे एकदा गुणून पाहा. ३७८.८ गुणिले ७,९२,००० म्हणजे ३०,००,०९,६००. मुंबईच्या अस्मिता वाहिनीचे ५५८ किलोहर्ट्झ आणि ५३७.६ मीटर घेतले, तर गुणाकार येतो २९,९९,८०,८००. केंद्रं वेगळी, आकडे वेगळे, पण गुणाकार दोन्हीकडे तीस कोटींच्या आसपासच. प्रकाश एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर जातो, आणि हा किरकोळ फरक मीटर काढताना वेग सरळ तीस कोटी धरल्यामुळे आणि दशांश कापल्यामुळे पडलेला आहे. म्हणजे रोज सकाळी, भक्तिगीतांच्या आधी, आकाशवाणी महाराष्ट्राला प्रकाशाचा वेग सांगत होती.

किलोहर्ट्झचा आकडा म्हणजे वारंवारता: सेकंदाला किती आंदोलनं होतात ती संख्या. मीटरचा आकडा म्हणजे तरंगलांबी: एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर. सेकंदाला इतकी शिखरं आणि प्रत्येक दोन शिखरांत इतकं अंतर, तर दोहोंचा गुणाकार हा वेग होणारच. शाळेत हे सूत्र एका ओळीत संपतं आणि लगेच उदाहरणं सोडवायला देतात. त्या घाईत मुख्य गोष्ट राहून जाते. या तीन राशींपैकी कोणती कोण ठरवतं? वारंवारता ठरवतो तरंग निर्माण करणारा. वेग ठरवते ती जागा, जिच्यातून तरंग जातो. तरंगलांबीला स्वतःचं मत नसतं, त्या दोघांनी ठरवलेलं ती निमूट स्वीकारते. आणि तरीही तरंग पुढे कुठे अडेल, कुठे वळेल, कशातून आरपार जाईल, हे सगळं तिच्यावरच अवलंबून असतं.

आधी तरंगात नेमकं काय सरकतं ते पाहू. आषाढीच्या आधी पंढरपूरच्या दर्शनबारीत मागून एखादा जोराचा धक्का आला, तर तो पुढच्या पाठीवरून त्याच्या पुढच्या पाठीवर असा सरकत थेट मंदिराच्या दारापर्यंत पोचतो. मागचा माणूस मात्र मागेच असतो. त्याचा नंबर एका पावलानंही पुढे आलेला नसतो. ध्वनी असाच जातो. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळचे हवेचे रेणू शेजारच्यांना रेटतात आणि परत जागेवर येतात. हा रेटाही अगदी नाममात्र असतो. साध्या गप्पांच्या आवाजात हवेचा थर पुढेमागे हलतो तो केसाच्या जाडीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका. एवढीशी हालचाल कानाला पुरते आणि तिच्यातून आपल्याला शब्द कळतात, बोलणाऱ्याचा वैताग कळतो, फोनवर नुसत्या ‘हॅलो’वरून माणूसही ओळखू येतो.

रेटारेटीच असल्यामुळे ध्वनीचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: पदार्थ दाबाला किती विरोध करतो, आणि तो किती जड आहे. न्यूटननं १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’त या तत्त्वावर हवेतल्या ध्वनीचा वेग काढला. उत्तर मोजलेल्या वेगापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी आलं. १७१३ च्या आवृत्तीत त्यानं हवेतल्या बाष्पाची आणि कणांच्या जाडीची कारणं जोडून आकडा ओढूनताणून जुळवला. न्यूटननं केलं म्हणून त्याला तडजोड म्हणायचं. विद्यार्थ्यानं केलं असतं तर परीक्षकानं दुसरा शब्द वापरला असता. खरी चूक शंभर वर्षांनी लाप्लासनं दाखवली. हवा दाबली की ती किंचित तापते आणि तापलेली हवा अधिक ताठ होते. ध्वनीची आंदोलनं इतकी भराभर होतात, की ती उष्णता आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही. ही दुरुस्ती केली आणि गणित जुळलं. २० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तिनानं भागले, की विजेचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं, ते याच आकड्यामुळे.

पाणी हवेपेक्षा कितीतरी जड, म्हणून त्यात ध्वनी रेंगाळेल असं वाटतं. पण पाणी दाबलं जायला त्याहूनही नाखूश असतं, आणि हा हट्ट वजनावर मात करतो. १८२६ मध्ये कोलाडोन आणि स्टुर्म यांनी जिनिव्हा सरोवरात ते मोजलं. रात्री एका नावेखाली पाण्यात घंटा बुडवलेली होती. घंटेवर टोल पडताच त्याच क्षणी नावेवर दारूचा भडका उडे. तेरा-चौदा किलोमीटर दूर दुसऱ्या नावेत एक जण पाण्यात सोडलेल्या कर्ण्याला कान लावून, हातात घड्याळ घेऊन बसलेला. भडका दिसला की घड्याळ चालू, घंटा ऐकू आली की बंद. उत्तर आलं सेकंदाला १,४३५ मीटर. थंड पाण्यासाठी ते आजही चुकीचं नाही.

आता तंबोरे घडवणाऱ्या मिरजेला जाऊ, कारण तरंग थांबवून बघायचा असेल तर तंबोऱ्याइतकं चांगलं यंत्र नाही. ज्या गायकाचा षड्ज काळी एकला आहे, त्याच्या तंबोऱ्याची जोडीची तार सेकंदाला सुमारे १३८.६ वेळा थरथरते. तार एक मीटरची धरली, तर तिच्यावरच्या मूळ तरंगाची लांबी दोन मीटर असते. हा तरंग तारेवरून धावतो, टोकाला आपटून परततो, येणारा-जाणारा एकमेकांत मिसळतात आणि तार जागच्या जागी फुगलेली दिसते. हाच स्थिर तरंग. पण तीच कंपनं हवेत उतरली की वारंवारता तशीच राहते आणि लांबी होते सुमारे अडीच मीटर. पाण्यात नेली तर दहा मीटरच्या वर. सूर तोच, लांबी जागेप्रमाणे बदलते.

तार एकाच लांबीनं थरथरत नाही. ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही एकाच वेळी थरथरते, आणि मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर निघतात. खर्जाच्या पाचपटीचा उपस्वर गांधाराचा. कुठल्याही तारेवर गांधार लावलेला नसताना तो ऐकू येतो, त्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात. इथे एक पेच आहे. तार ज्या जागी छेडावी, त्या जागी जे उपस्वर मुळात स्तब्ध असतात ते उमटू नयेत, हा थॉमस यंगनं सांगितलेला नियम. कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणा तपासली, तर ही वाद्यं तो नियम सरळ धाब्यावर बसवतात असं दिसलं. जे स्वर गप्प असायला हवेत ते खणखणीत वाजत होते. १९२१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. कारण घोडीत आहे. पाश्चात्य वाद्यांत तार एका तीक्ष्ण कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित फुगीर असते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवलेला असतो. थरथरताना तार त्या पृष्ठभागाला क्षणोक्षणी चाटत जाते आणि प्रत्येक स्पर्शात शक्ती वरच्या स्वरांकडे वळते. हीच जवारी. मिरजेचा कारागीर कानस घासतो, दोरा केसभर मागेपुढे करतो, ऐकतो, पुन्हा घासतो. त्याच्या हाती समीकरण नसतं, पण रामन यांना जे लिहून दाखवावं लागलं ते त्याच्या कानाला आधीच ठाऊक होतं.

तबल्याचंही तसंच. साधं गोल कातडं वाजवलं तर त्याचे उपस्वर पूर्ण पटीत येत नाहीत, म्हणून ढोलाला नुसता धमाका असतो, सूर नसतो. मध्यभागी शाई चढवली की तिच्या वजनानं ते उपस्वर सरकून जवळजवळ पूर्ण पटीत बसतात. रामन आणि शिवकाली कुमार यांनी यावर १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये टिपण लिहिलं. भारतीय वादकांनी शाई लावायला कधी सुरुवात केली हा इतिहासाचा प्रश्न. ती का लावावी, याला हे उत्तर.

ध्वनीला हवा लागते, पाणी लागतं, तार लागते. मग प्रकाशाला काय लागतं? एकोणिसाव्या शतकाचं उत्तर ठरलेलं होतं: ईथर. प्रकाश तरंगासारखा वागतो हे यंगनं शतकाच्या सुरुवातीलाच दोन फटींच्या प्रयोगातून दाखवलं होतं. आणि तरंग आहे तर थरथरणारं काहीतरी असलंच पाहिजे, असं सगळे धरून चालले होते. १८६० च्या दशकात मॅक्सवेल वीज आणि चुंबकत्व यांची समीकरणं मांडत होता. बदलतं विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं, बदलतं चुंबकीय क्षेत्र विद्युतक्षेत्र, आणि ही जोडी एकमेकांना ढकलत पुढे जाऊ शकते असं त्याला दिसलं. किती वेगानं? त्यासाठी लागणारा स्थिरांक वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये मोजला होता, तोही प्रयोगशाळेतल्या टेबलावर, विद्युतभार साठवून. त्यात ना दिवा होता ना आरसा. त्यातून निघालेला वेग सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर होता, आणि फिझोनं मोजलेला प्रकाशाचा वेग सुमारे ३,१५,००० किलोमीटर. एवढी जवळीक योगायोगानं येत नाही. प्रकाश हाच विद्युतचुंबकीय तरंग आहे, हा निष्कर्ष माझ्या मते भौतिकशास्त्रातला सर्वांत मोठा सौदा आहे: दोन विषय दिले आणि तिसरा फुकट मिळाला.

मॅक्सवेल १८७९ मध्ये गेला. त्याचे तरंग हाती लागले ते १८८७-८८ मध्ये, जर्मनीत कार्ल्सरूहच्या एका वर्गखोलीत. हाइनरिश हर्ट्झनं ठिणग्यांमधून तरंग सोडले, समोरच्या भिंतीवर जस्ताचा पत्रा लावला, आणि जाणारा व परतणारा तरंग एकमेकांत मिसळू दिले. म्हणजे तंबोऱ्याच्या तारेवर जे होतं तेच त्यानं खोलीच्या हवेत घडवलं. मग हातात धातूचं कडं घेऊन तो फिरला. काही जागी कड्याच्या फटीत बारीक ठिणगी उडे, काही जागी उडत नसे. त्या गप्प जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. वारंवारतेशी गुणलं की आला प्रकाशाचा वेग. या शोधाचा व्यवहारात उपयोग होईल असं हर्ट्झला वाटत नव्हतं. १८९४ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो वारला. पुढच्याच वर्षी कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडून असे तरंग सोडून घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. बोस यांचे तरंग काही मिलिमीटर लांबीचे होते. इतक्या आखूड तरंगांसाठी लागणारी साधनं त्यांनी स्वतःच घडवली.

आणि ईथर? १८८७ मध्येच अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेलसन आणि मॉर्ली यांनी त्याचा वारा मोजायचा प्रयत्न केला. पृथ्वी ईथरमधून धावत असेल, तर तिच्या दिशेनं जाणाऱ्या आणि आडव्या जाणाऱ्या प्रकाशाच्या येण्याजाण्याच्या वेळेत फरक पडायला हवा. अपेक्षित फरक पडलाच नाही. अठरा वर्षांनी आइन्स्टाइननं ईथर ही वस्तूच यादीतून काढून टाकली. म्हणून सूर्याचा प्रकाश आठ मिनिटांत इथे पोचतो, आणि सूर्यावरच्या प्रचंड उलथापालथीचा आवाज मात्र कधीच येणार नाही. मधल्या पंधरा कोटी किलोमीटरमध्ये त्याला ढकलत आणायला पुरेसं कुणी नाही.

आता तरंगलांबीकडे. तरंगाला वस्तू ‘दिसते’ की नाही, हे त्या वस्तूच्या आकाराशी तरंगलांबीची तुलना करून ठरतं. माणसाच्या बोलण्यातले खालचे स्वर दोन-तीन मीटर लांबीचे. एक मीटर रुंदीच्या दारातून ते सहज वळतात, म्हणून स्वयंपाकघरातली हाक माजघरात येते. प्रकाशाची लांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. त्याच्या दृष्टीनं दार अवाढव्य, म्हणून तो सरळ जातो आणि सावलीला धार येते. मध्यम लहरींचे तीन-चारशे मीटरचे तरंग जमिनीलगत टेकड्या ओलांडत जातात. एफएमचे तीन मीटरचे तरंग सह्याद्रीच्या एका घाटात अडकतात, तिथे उंच मनोरे लागतात. दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर उभा आहे तो असाच. पंचवीस मीटरच्या लघुलहरींना तर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परावर्तन मिळतं. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या पुण्याच्या बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली, तेव्हा श्रोत्यांनी रेडिओ सिलोन लावला. आकाशाचा तो थर कुठल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येत नव्हता.

तरंगलांबी डोळ्यांनी पाहायची असेल तर नारायणगावजवळच्या खोडदला जावं. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि सोळा इंग्रजी ‘वाय’च्या तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात. पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो, कारण तबकड्या भरीव नाहीत. त्या तारेच्या जाळीच्या आहेत, आणि त्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं. ही जाळी एक-दोन सेंटिमीटरची. हायड्रोजनकडून येणारे तरंग २१ सेंटिमीटरचे, बाकीचे त्याहूनही लांब. त्यांच्या लेखी जाळी म्हणजे गुळगुळीत आरसा. वारा मात्र आरपार जातो, म्हणून तबकडी हलकी झाली आणि दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांना ती भारतीय खर्चात उभारता आली. घरच्या मायक्रोवेव्हच्या दाराला भोकांचा पत्रा असतो त्याचं कारणही हेच. आतले तरंग बारा सेंटिमीटरचे, भोकं एक-दोन मिलिमीटरची. प्रकाश बाहेर येतो, तरंग येत नाहीत.

मग तीस तबकड्या का? बारकावा किती दिसणार, हे दुर्बिणीच्या रुंदीत किती तरंगलांब्या मावतात यावर ठरतं. आपल्या डोळ्याच्या चार-पाच मिलिमीटरच्या बाहुलीत प्रकाशाच्या आठ-दहा हजार लांब्या मावतात. ४५ मीटरच्या तबकडीत २१ सेंटिमीटरच्या लांब्या जेमतेम २१४. म्हणजे ती एकटी माणसाच्या डोळ्यापेक्षा चाळीस-पन्नास पटींनी अंधुक पाहते! तिसांचे संकेत जोडले की रुंदी पंचवीस किलोमीटर होते, लांब्या लाखाच्या वर मावतात, आणि दुर्बीण डोळ्याच्या पुढे जाते. २०१६ मध्ये मंगळावर उतरत असलेल्या युरोपच्या शियापारेल्ली यानाचा क्षीण संकेत खोडदनंच पकडला होता.

तरंगांच्या इजेबद्दल बोलल्याशिवाय प्रकरण संपवता येत नाही, कारण प्रत्येक सोसायटीत मोबाइल टॉवरविरुद्ध एक तरी अर्ज फिरत असतो. विद्युतचुंबकीय तरंग आपली ऊर्जा पुड्या बांधून देतात, आणि एका पुडीत किती ऊर्जा असणार हे फक्त वारंवारतेवर ठरतं. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरींपेक्षा अतिनील किरणांची पुडी दहा लाख पटींहून मोठी असते. रेणूतले बंध तोडायला तेवढी मोठी पुडी लागते. लहान पुड्या कितीही आल्या तरी त्या प्रामुख्यानं ऊब देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित कर्ककारक’ गटात ठेवल्या, तेही मर्यादित पुराव्यावर. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे. ती पाळली जाते का, हे जरूर विचारावं. पण काळजीची वाटणी मला उलटी झालेली दिसते.

कारण अर्ज करणारे हेच लोक विसर्जनाच्या रात्री मुलाला खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीसमोर उभे असतात. ध्वनीत पुड्यांची अट नाही. तिथे तरंग किती जोराचा, एवढाच प्रश्न असतो, आणि अंतर्कर्णातल्या ज्या केसपेशी तो मोडतो त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. डेसिबल ही मोजपट्टी फसवी आहे: दर दहा डेसिबलला तीव्रता दहापट होते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत शंभरच्या आसपासचे आकडे नोंदले गेले आहेत. ५५ आणि १०० यांत तीव्रतेचा फरक तीस हजार पटींहून जास्त आहे. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबानं ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते; शंभरला ती पंधरा मिनिटांवर येते. लहान मुलांना तिथून दूर ठेवा. आणि आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा अधिक असेल, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार कुणाही नागरिकाला तक्रार करता येते.